मिठाचा अंदाज

घणसोली गावठाणात आमच्या मागच्या दारी
सिमेंटच्या तीन टाक्या आहेत.
एक म्हशीची होती. एक विटा भिजवायची.
तिसरी मी स्वतः बांधली, ती थोडी गळते.

पहाटे मादी जलपर्णीच्या मुळांत शिरते,
दोन नर तिला ढुसण्या देत भिंतीकडे रेटतात,
आणि समोरच्या टॉवरच्या नवव्या मजल्यावर ऊन येईतो
मुळांना राजगिऱ्याएवढी अंडी चिकटलेली असतात.
मुळं लगेच उचलायची.
तासाभरात आईबापच ती खायला लागतात.
याचं नवल मी कधीच सोडून दिलं.

तिसऱ्या दिवशी पिल्लं.
पिल्लं कसली, भिंतीवर कुणी स्वल्पविराम मारून ठेवलेत,
वाक्य पुढं लिहायचं राहिलंय.
पोटाशी बांधून आणलेली शिदोरी दोन दिवस पुरते,
मग आडवी होऊन पोहायला सुटतात,
आणि त्यांना हलतं तेवढंच अन्न दिसतं.
मेलेलं समोर असलं तरी उपाशी.

म्हणून कोबीचं पान मुद्दाम सडवते.
म्हणून म्हशीच्या टाकीतलं पाणी हिरवं ठेवते,
त्यात पाणपिसवा उड्या मारत असतात,
जुन्या ओढणीनं गाळून घ्यायच्या.
जाऊबाई नाक धरून जातात.

दर मंगळवारी पालिकेचा हेमराज येतो,
हातात ओगराळं, खांद्यावर औषधाचा पंप.
विटांच्या टाकीत ओगराळं बुडवून
उजेडात धरतो.
"ताई, अळ्या आहेत. नोटीस लागंल."
"आहेतच. मीच पाळल्यात. मोज,
आणि गुरुवारी येऊन एक तरी शोधून दाखव."
गुरुवारी आला. बॅटरी लावून शोधलं.
पिल्लांची पोटं तेवढी दिसली, टम्म.
वहीत काय लिहिलं, मी विचारलं नाही.

महिन्याने निवड.
पांढऱ्या ताटात थोडं पाणी, वरून बघायचं.
जोडशेपटीला भाव आहे, एकशेपटीला नाही.
तोवर सोनंबिनं काही नसतं,
सगळी चिखलाच्या रंगाची,
नुसत्या शेपटीवरून ठरवायचं.
पहिल्या वर्षी ताट घेऊन मी न्हाणीपाशी उभी राहिले
आणि परत आत आले.
आता एकशेपट्या हेमराज नेतो डबा भरून,
सेक्टरातल्या त्या खड्ड्यात सोडतो,
कोर्टात अडकलेल्या इमारतीच्या.
दिवाळीत सांगत आला,
"ताई, दोन लाल झाल्या.
वॉचमन पाव घालतो त्यांना."
म्हटलं, पाव बंद करायला सांग,
कामं सोडून देतील.

वाढीला मात्र खरी ती बाटलीतली पैदास.
दुकानदार डबा देतो, परदेशी, चिमूटभराला सोन्याचा भाव,
आत नाचणीच्या पिठासारखी कोरडी अंडी.
उलटी बाटली, खारं पाणी, खालून हवा, शेजारी बल्ब,
उद्या या वेळेला नारिंगी धूळ पोहत असते.
ती खाल्ली की पिल्लांच्या पोटात
दिवा लावल्यासारखा दिसतो.

पहिल्यांदा ती धूळ बघितली तेव्हा ओळखली.
बा मिठागरावर होता, आता जिथं कंपन्यांच्या काचा आहेत तिथं.
चैत्रात कोंड्यांतलं पाणी तांबूस व्हायचं,
त्यात हे असंच काहीतरी वळवळायचं.
"काय रे बा ते?"
"मिठाची पोरं," म्हणायचा,
आणि बोट बुडवून जिभेला लावायचा.
"दोन दिस अजून." किंवा, "उद्या वढू."
चुकायचा नाही. एकदा चुकला, तेव्हा तापात होता.
फुकट वाहून जायची ती पोरं खाडीत,
कुणाच्या बापाला त्यांचा भाव माहीत होता?

दुकानदाराने कागद दिलाय:
एक लिटरला पंचवीस ग्रॅम.
वजनकाटाही आहे, रुखवतातला, कोरा.
मी रात्री सगळे झोपल्यावर
बाटलीत बोट घालते, जिभेवर ठेवते.
थोडं थांबते.
अजून एक चिमूट.