आठ आण्याएवढी

फॉर्मची मुदत मंगळवारी रात्री संपते
आणि आज रविवार.
बी.एस्सी. दुसरं वर्ष, प्राणिशास्त्र.
पुढं काय, असं कुणी विचारलं की मी म्हणते, "बघूया की."
या दोन शब्दांवर दीड वर्ष काढलंय मी.

बारावीनंतर एकोणचाळीस मार्क कमी पडले.
तबस्सुम मुजावर मिरजेला गेली.
तिचा ॲप्रनमधला फोटो आई अजून
बोटांनी मोठा करून बघते
आणि मी आले की फोन पालथा ठेवते.
दाखवला असता तर कमी लागलं असतं.

वडील उद्यमनगरात लेथवर.
त्यांना विचारलं तर म्हणाले,
जॉब चकात धरून फिरवल्याशिवाय
त्याचा रनआउट कळत नाही.
मग कापसानं हात पुसले, चहा सांगितला.
यात मी जॉब की मशीन,
ते विचारायचं राहिलं.
स्वतःच्या लेथचा सौदा त्यांनी माझ्यासाठी मोडला,
टोकनचे पाच हजार सोडून,
हे मला त्यांच्या मालकाच्या पोराकडून कळलं.
तेव्हापासून "हो" म्हणणं
आणखी अवघड झालंय,
आणि "नाही" तर त्याहून.

संक्रांतीला शालन आत्याच्या टाचेत खिळा गेला.
साखरेच्या पायाला खिळा कळत नाही.
बारा दिवस कळला नाही.
सीपीआरमध्ये खिडकीजवळच्या कॉटपाशी
मी सतरा रात्री काढल्या.
आत्याला वाटतं, मायेपोटी.
थोडं तसंही होतं.
खरं तर मी बघायला गेले होते
मला बघवतं का.

बघवतं.
आनंद वगैरे झाला नाही,
एक सबब कमी झाली.

ड्रेसिंगच्या वेळी आत्या भिंतीकडे तोंड करून
जोतिबाचं नाव घेते, मधेच एक शिवी.
मी जखम मोजते.
आधी जुन्या रुपयाएवढी,
मग आठ आण्याएवढी.
कडेकडेनं गुलाबी, ओली, नवी कातडी
आत सरकत येते
कुणी न सांगता.
माझ्या जर्नलमध्ये बेडकाचं हृदय आहे,
एच.बी. पेन्सिलीनं, नावांसकट.
त्यात असं काही सरकत नाही.

चौगुले मॅडम इंटर्न, माझ्याहून चारेक वर्षांनी मोठ्या,
रात्री अडीचला जिन्यात बसून
नुसताच पाव खात होत्या.
"मॅडम, हेच करायचं, हे तुम्हाला कधी कळलं?"
त्या घास संपेपर्यंत गप्प.
"अजून कुठं," म्हणाल्या.
"बारा नंबरचं सलाईन संपत आलंय, तेवढं कळतंय."
आणि उठल्या.
उरलेला पाव माझ्या हातात.

पहाटे स्कूटीवरून दसरा चौकात आले,
रस्ता सगळा रिकामा, तरी सिग्नलला थांबले.
हिरवा झाला. पुन्हा लाल झाला.
दूधवाला शेजारून जाता जाता ओरडला,
"ओ ताई, जायाचं हाय का न्हाई?"

आता आत्या घरी.
ड्रेसिंग मीच करते.
टेबलावर फॉर्म उघडा आहे,
माझं नाव, आईचं नाव,
फोटोच्या चौकोनापाशी थांबलेला.
"किती राहिली गं?"
"चार आण्याएवढी."
"चार आणे बंद झाले की कधीच."
"मग संपतच आली, आत्या."
ती म्हणाली, हात हलका हाय तुझा.
हात हलका असणं म्हणजे
मन ठरलेलं असणं नव्हे,
एवढं मला कळतं.

तरी मोरीत जाऊन
मी कोपरापर्यंत हात धुतले,
चौगुले मॅडम धुतात तसे, बोटांच्या बेचक्यांतून,
आणि नळ कोपरानं बंद करायला गेले.
आमचा नळ पितळी, फिरकीचा,
कोपरानं बंद होत नाही.
मी ओले हात वर धरून उभी राहिले.
पाणी थोडा वेळ वाहत होतं.