दोरी

मरोळच्या गावठाणात जो भेटेल तो विचारतो,
इटलीत काय काय पाहिलंत?
आमचा बस्त्याव म्हणतो, भांडी.

खोटं नाही ते.
एप्रिल ते जून, डोंगरावरच्या एका गावात
(नाव उच्चारताना माझी जीभ अजून मध्येच घसरते)
चर्चच्या मागच्या स्वयंपाकघरात
रोज साठ-सत्तर माणसांची ताटं आम्ही घासली.
कोण बोटीतून आलेलं, कोण नुसतंच म्हातारं.
एक बांगलादेशी पोरगा होता, रोज विचारायचा,
मावशी, भात कधी?

यंदा पहिल्यांदाच
आमच्या अंगणात मिरच्या वाळल्या नाहीत.
मसाला कुटणाऱ्या बाया येऊन कुलूप बघून गेल्या.
गेल्या सालच्या मसाल्याची एक बाटली तेवढी
बस्त्यावच्या मोज्यात गुंडाळून मी नेली होती.
टोमॅटोच्या रश्शात चमचाभर टाकला.
फादरांनी दोन घास खाल्ले, पाणी प्याले, पुन्हा पाणी प्याले,
आणि फार मायेनं सांगितलं,
उद्यापासून नको.
त्या पोरानं मात्र टोप पुसून खाल्ला.

आता दोरीचं सांगते.

मरोळच्या चर्चची घंटा बावीस वर्षं ह्यानं वाजवली.
सकाळी, बाराला, संध्याकाळी,
लग्नाची वेगळी, मयताची वेगळी.
मग कमिटीनं टायमर बसवला.
निरोपसमारंभात ह्याला शाल दिली,
आणि भिंतीवरचं घड्याळ.
ते आम्ही न्हाणीघराबाहेर लावलंय.

तिथला घंटावाला ओरेस्ते
शिडीवरून पडून हात प्लास्टरमध्ये घालून बसला होता.
त्यानं ह्याचे तळवे उलटेपालटे करून पाहिले,
घट्टे ओळखले,
आणि काही न बोलता दोरी हातात दिली.

पहिल्या दिवशी ह्यानं वाजवली ती मरोळची घंटा.
सवयच ती.
गल्लीगल्लीतून म्हाताऱ्या बाहेर आल्या,
डोक्याला काळे रुमाल बांधून,
कोण गेलं, कोण गेलं विचारत.
एकीनं तर खुर्च्याही मांडल्या.
कोणीच गेलं नव्हतं.
मग सगळ्यांनी बसून कॉफी घेतली.

फिरायला गुरुवारचा दिवस.
रोमला एका मोठ्या देवळात
एका संताचा संगमरवरी पाय पाहिला,
हात लावून लावून बोटं झिजलेली.
आपल्या नाक्यावरचा क्रूस आठवला,
मेणानं काळा झालेला, पायाशी झेंडूचा हार,
रिक्षावालेही उतरून शिवतात त्याला.
कारंज्यात लोक पैसे टाकत होते,
टाकले की पुन्हा येणं होतं म्हणे.
बस्त्याव गुडघा चोळत पायरीवर बसला.
म्हणाला, त्याला बोलवायचं असेल तर बोलवेल,
सुटे पैसे जपून ठेव, परतीच्या बसला लागतील.
कलता मनोरा लांबूनच पाहिला.
जुरानच्या कंपाउंडची भिंत त्याहून जास्त कलली आहे,
तिचे कोणी फोटो काढत नाही.

जूनअखेर प्लास्टर निघालं.
ओरेस्तेनं दोरी परत घेतली,
दोघं घंटेखाली उभे राहून बराच वेळ बोलले,
एक इटालियनमध्ये, एक मराठीत.

आता इथे आहोत.
मुलीनं मोबाईलवरचे चारशे फोटो पाहिले.
त्यात ह्याचा दोरी ओढताना एकही नाही,
माझे हात साबणाचे होते.

दुपारी बाराला
डोक्यावरून विमान जातं खाली खाली,
त्याच्या घरघरीत टायमरची घंटा अर्धी बुडते.
बस्त्याव जेवत असतो.
कालवणाची वाटी तोंडाशी नेता नेता
त्याचा उजवा हात एकदम खाली येतो,
मग वर जातो, पुन्हा खाली.
कालवण सांडतं.

मी काही विचारत नाही.
फडका देते.