पाणक्यांचा जिना

नकाशात तो आहे. टेकडीच्या अंगावर
फणीच्या दातांसारख्या आखूड रेघा,
शेजारी मोडीत दोन शब्द:
पाणक्यांचा जिना.

यादोराव मुंगरे, नझूल कचेरीतून निवृत्त,
लष्करच्या उन्हात छत्रीच्या टोकानं हवेत दाखवतात,
इथून वळायचं. मग गोठ. मग चढ.
इथं टाइल्सचं दुकान आहे.
"किसका मकान ढूँढ रहे हो, दादा?"
मकान नाही, हे हिंदीत कसं सांगावं
त्यांना सुचत नाही.
मराठीतही नसतंच सुचलं.

मागच्या बोळात, गळक्या कूलरखाली
एक दगड सापडतो. तांबूस, मधोमध झिजलेला,
आता कुणाच्या तरी परसदाराची पायरी.
तिच्यावर एक मुलगी चिंचा फोडत बसलीय.

मुंगरे वहाणा काढतात.
बोटानं खळगा चाचपतात:
भरल्या घागरीचं वजन
उतरताना नाही, चढताना दगड खातं, म्हणतात.
मग एक पाय ठेवतात त्यावर
आणि दुसरा, का कोण जाणे,
उचलतात पुढच्या पायरीसाठी.

समोर भिंत. भिंतीवर वीजमीटर.
पाय तसाच अधांतरी.

मुलगी वर बघते,
परात मांडीवर ओढून घेते
आणि त्यांना जायला
वाट करून देते.