काटा

अंबड लिंक रोडला माझं दुकान आहे तेव्हापासून
ती माझ्या वहीत आहे.
आधी नुसतं 'बाई, लूना' लिहायचो,
मग 'तांबट बाई',
मग दमयंती.
पहिली नोंद: पितळेचं टर्निंग, सव्वाचार किलो.
म्हटलं, वितळवायला नेताय?
म्हणाली, नाही, टांगायला.

बाप तांबट आळीतला.
हंडे मठारता मठारता पंचेचाळिशीत ठार बहिरा.
घरात सगळे ओरडून बोलायचे,
तीही भावावरून ओरडायची माझ्याशी,
गिऱ्हाइकांना वाटायचं भांडण लागलंय.
कॉलेजात सर म्हणाले, जोडाजोडी म्हणजे शिल्प नव्हे.
मग गणपतीच्या आराशी, लग्नांत थर्माकोलचे मोर.
मोरांवर दोन वर्षं घर चाललं.

उपटलेल्या द्राक्षबागेची तार, एकशेदहा किलो.
ट्रॅक्टरची बेअरिंगं, बादलीभर.
दवाखान्यातले जुने एक्स-रे मी तसेच दिले.
माणसांच्या छात्या
काट्यावर कशा ठेवायच्या?

एकदा बघायला बोलावलं. सातपूरचं बंद गोडाऊन.
बासष्ट हंडे छताला उलटे,
प्रत्येकात वायपरची मोटर, मोटरीला लाकडी ठोकणी.
खाली बाकावर बाप.
बटण दाबलं तशी पत्र्यावरची कबुतरं उडाली.
म्हातारा गप्प,
दोन्ही तळहात बाकावर पालथे टेकवून.
बऱ्याच वेळानं म्हणाला,
एक चुकतोय. उजवीकडचा.
ती शिडीवर चढली.
स्क्रू ढिला होता.

पुढे दिल्ली, कोची, एकदा जर्मनी.
जर्मनीच्या कागदावर मालाच्या वर्णनात
एजंटानं लिहिलं: जुने धातू, वापरलेले.
रात्री तिचा फोन,
तूच शिकवलंस का रे त्याला?

मग महापालिकेनं चौकात एक उभं करून घेतलं.
उद्घाटनाला मीही होतो, मागे, इस्त्रीच्या शर्टात.
नऊ वर्षांनी रस्ता रुंद झाला
आणि एका पहाटे ट्रक माझ्याच गेटात.
मिक्स माल आहे, ड्रायव्हर म्हणाला, भाव बोला.
ताडपत्री उचलली.
आपला माल आपल्याला कळतो.
भरलं वजन, रिकामं वजन, वजाबाकी:
सातशे चाळीस.
तिला फोन लावेपर्यंत दुपार झाली.

वाटलं रडेल.
तिनं घासाघीस केली.
काच वगळ, म्हणाली, माती वगळ, गंजाचे काय पैसे घेतोस.
म्हटलं, फुकट ने.
तेव्हा मात्र आवाज चढला:
फुकट दिलेल्याचं काय होतं ते बघितलंय मी.
पावती फाड.
फाडली. पांढरी तिला, गुलाबी मला.
पांढरी आता कुठल्याशा गॅलरीत काचेखाली आहे,
तिच्या नव्या कामाचा भाग म्हणून,
माझ्या गिचमिड अक्षरासकट.
कळलं असतं तर नीट लिहिली असती.

परवा आली पोतं घेऊन. बापाच्या हातोड्या.
विकायच्या नव्हत्या,
किती भरतात एवढंच बघायचं होतं.
म्हटलं, हा ट्रकचा काटा,
वीस किलोखाली काही दाखवत नाही.
मग ती पोतं कवटाळून स्वतःच उभी राहिली.
ऐंशी.
पोतं खाली ठेवून पुन्हा उभी राहिली.
साठ.
आकडा विझेपर्यंत उतरली नाही.

ही नोंद मी वहीत घेतलेली नाही.