मुक्या वहिनीची बहीण

अक्का, तुझा फोटो काल परत दाखवला.
चंदनाचा हार, खाली उदबत्ती,
आणि तुझा तो दीर त्याच्यासमोर तीन मिनिटं रडला.
मधे साबणाची जाहिरात.
आई उठून न्हाणीत गेली.
नळाला पाणी नव्हतं, पाचवा दिवस,
तरी आतून बराच वेळ तांब्याचा आवाज येत राहिला.

मी तिला सांगितलंय, फोटोचे पण पैसे मिळतात.
मिळत नाहीत, हे तुला आणि मला माहीत आहे.

दत्तनगरात अजून विचारतात,
मुक्या वहिनीची बहीण ना तू?
हो म्हणते.
सरोजा इराबत्तीची म्हणून उपयोग नाही,
ते आडनाव चॅनेलनं पहिल्याच आठवड्यात काढलं.
पाटीत बसत नाही म्हणाले.
आपल्या रेशनकार्डात बसतंय की,
सात माणसांसकट.

विड्या मोजताना तू गायचीस.
कारखान्यातला मोगलप्पा सुपातनं छाट काढायचा,
पान फाटलंय, तंबाखू कमी, दोरा ढिला,
आई मान खाली घालून उभी.
तू रांगेत काहीतरी गुणगुणलीस
की त्याचा हात जरा हळू चालायचा.
दहा-पंधरा विड्या वाचायच्या.
तुझी पहिली कमाई तीच, अक्का,
मुलाखतीत तू ती कधी सांगितली नाहीस.

मग हुतात्मा मंदिरातली स्पर्धा. पहिला नंबर,
बक्षीस एक चादर.
नान्नानं घरी आल्यावर ती उलटी केली,
कडेनं बोट फिरवत नेलं, आणि थांबला.
'माझ्याच मागावरची. इथं धागा तुटलेला.'
सगळे हसलो. तो हसला नाही,
चष्मा लावून गाठ मारत बसला.

मुंबईत तू दिग्दर्शकाला विचारलंस,
'काय करलालाव तुम्ही?'
सेटवर किती वेळ हसत होते ते तू सांगितलंस,
हसूनच सांगितलंस.
चेहरा चांगला आहे, ते म्हणाले, भाषेचं बघू.
बघितलं ते असं:
मांडवात सिलिंडर फुटला
आणि वहिनीची वाचा गेली.
सहाशे बारा भाग.

आणि सुरुवातीचं चाळीस सेकंदांचं गाणं तुझ्याच आवाजात.
शेजारची यल्लूबाई रोज म्हणायची,
गाणारी किती गोड गाते,
आणि या बिचारीला देवानं बोलणं दिलं नाही.
मी सांगितलं तरी तिला पटलं नाही.

गड्ड्याला तुला बोलावलं तेव्हा
मी नवी साडी नेसून तिसऱ्या रांगेत होते.
तू तानपुऱ्यावर सूर लावलास.
पाळण्यांच्या बाजूनं एक पोरगं ओरडलं,
'वहिनी, मुकं करून दाखवा की!'
तू माइक खाली ठेवलास.
गळ्याला हात लावलास, डोळे भरलेस,
एक्क्याण्णवाव्या भागात होतं तसं.
एवढ्या टाळ्या सूर लावला तेव्हा नव्हत्या.
पाकीट पूर्ण दिलं त्यांनी. शाल पण.
घरी येऊन तू कडक भाकरी मोडून शेंगाचटणीशी खाल्लीस
आणि झोपेपर्यंत बोलली नाहीस.
मला वाटलं, सवय.

आता म्हणे तू कार्टूनमधली खार आहेस.
माझा बारका टीव्हीला कान लावून ऐकतो,
म्हणतो, मावशी नाही ही, खरी खार आहे.
म्हणजे चांगलं जमलंय.

परवा आलीस तेव्हा दुपारी लाइट गेली.
गल्लीतले माग एकदम थांबले.
माग थांबले तरी इथली माणसं थोडा वेळ
ओरडूनच बोलतात, मग त्यांच्या लक्षात येतं.
मग सगळंच गप्प झालं.
आईनं सूप तुझ्याकडं सरकवलं.
तू बंडलं मोजायला लागलीस, त्याच जुन्या चालीत,
ओकटी, रेंडू, मूडू,
आवाज आधी खारीचा, मग हळूहळू तुझा.
चाळिसाच्या पुढं गेलीस तशी
आई पाठमोरीच म्हणाली,
'चुकलीस. परत पहिल्यापासून.'

चुकली नव्हतीस.
मी पण मोजत होते.