सातवं पेव : नवी प्रत

संपादक म्हणाले, चारशे शब्द,
आणि तारे किती ते खाली द्या.

वेष्टण फोडलं. जाड पुठ्ठ्याचं पाकीट, चकती,
बत्तीस पानांची पुस्तिका. अकराव्या पानावर
माझंच जुनं परीक्षण, एक्क्याऐंशी सालचं,
आडनावातली एक वेलांटी चुकवून.

आधी तांत्रिक बाजू.
मूळ निगेटिव्ह तासगावला सापडली,
शांतिनाथ मगदूमच्या साडूच्या कोल्ड स्टोरेजात,
बेदाण्याच्या पेट्यांमागं, नऊ डबे.
म्हणतात, उघडले तेव्हा गोड वास आला.
चकतीला येत नाही. हुंगून पाहिली.

चित्र स्वच्छ. इतकं, की हरिपूरच्या घाटावरल्या
घागरीचे पोचे मोजावेत.
तिसऱ्या रिळात उजवीकडं जी उभी रेघ पडायची,
आणि जिला आम्ही पेवात सोडलेला दोर समजायचो,
ती गेली.
आवाजातली खरखर काढली, तिच्याबरोबर
पलीकडच्या मळ्यातलं ऑइल इंजिनही काढलं.
ते बिचारं कुणाचं काय खात होतं?

आता सत्तावन्नावं मिनिट.
ज्यांनी पाहिलाय त्यांना ठाऊक आहे :
रत्नाक्का, हरिपूरचीच, नटी नव्हे,
पेवाच्या तोंडाशी वाकते,
दोराला कंदील बांधून आत सोडते.
ज्योत तगली तर खाली हवा आहे.
तगते. मग ती उतरते,
आणि पडदा काळा ठिक्कर. साडेतीन मिनिटं.
फक्त आतून एका बाईचे हुंदके.

मी लिहिलं होतं,
राबणाऱ्या बाईचं रडणं दाखवायचं नसतं, ऐकायचं असतं.
हे वाक्य पुढं तिघांनी आपापल्या नावावर खपवलं.
शांतिनाथ दर मुलाखतीत त्यावर मान हलवायचा.
तो गेला तेव्हा विश्रामबागेतल्या हॉलमध्ये
मी तेच पुन्हा वाचलं,
घसा दाटून आला, पाणी मागवावं लागलं.

नव्या प्रतीत अंधार नाही.
पेवाची भिंत दिसते, मातीत कुदळीचे माग,
गुडघाभर हळकुंडं,
काळ्या-पांढऱ्यात हळद राखाडीच,
आणि मधोमध रत्नाक्का, पदर तोंडात कोंबून,
डोळ्यांतून पाणी गळतंय,
हसतेय.
कॅमेऱ्याकडं बोट करते आणि पुन्हा फुटते.

मागं नेलं. परत पाहिलं. परत.
मग मिरजेला इलाही तांबोळीला फोन.
कॅमेरा त्याचा. ऐकू कमी येतं, दोनदा ओरडलो.
"मी घसारलो की वो, कमरंपतूर हळदीत.
घरी गेलो तर अम्मा म्हणाली, कुणाशी लगीन लावून आलास?
फिल्म तेवढीच उरल्याली. लॅबवाल्यानं प्रिंट काळी काढली,
दुसरी काढाय पैसं कुठनं आणायचं?
तवर तुमचं छापून आलं.
शांतू म्हणाला, ऱ्हाऊ दे, सरांनी लई चांगलं लिवलंय."

त्रेचाळीस वर्षं.
एवढ्यात पुरांनी पेवं बसली, वर प्लॉट पडले,
एका प्लॉटवर आता मंगल कार्यालय आहे.
त्रेचाळीस वर्षं मी एका बाईच्या हसण्यानं गहिवरलो
आणि विलिंग्डनच्या वर्गावर वर्ग गहिवरायला लावले.
परीक्षेत पाच मार्कांना विचारलं.

पुस्तिकेची छपाई बरी. किंमत जास्त.
मुखपृष्ठावर रत्नाक्का उदास आहे, तो फोटो
दुसऱ्याच दिवशीचा, दाढ दुखत होती तिची,
हेही इलाहीनंच सांगितलं.

तारे मागाहून कळवतो.

रात्री टीव्हीचा उजेड शून्यावर आणला.
भडंगाची पुडी बाजूला सारली, पंखा बंद केला,
सत्तावन्नावं मिनिट लावलं.
काळा ठिक्कर, पहिल्यासारखा.
कान दिला.
नाही. हसतेच आहे. आता हसतेच.

आतल्या खोलीतून हिनं विचारलं,
"कोण हो रडतंय तिकडं?"