मागची गल्ली

मानेवाड्यात रविवार, पंचेचाळीस डिग्री,
अन् संडास तुंबला.
प्लंबर फोनवर म्हणाला, लग्नात आहो भाऊ,
काटोलले. परवा येतो.

मग गंजभर पाणी तापवलं. उकळलं नाही,
उकळत्यानं भांडं तडकते, यामिनी म्हणे.
भांड्याचं लिक्विड ओतलं, अर्धी बाटली.
वाटीभर खायचा सोडा, त्यावर व्हिनेगर,
पोरीनं नूडल्ससाठी आणलेलं.
फेस फसफसला, शाळेतल्या प्रयोगासारखा.
पाणी तसंच. तट्ट.

शेवटी पोछ्याच्या दांड्याला चिंधी,
चिंधीवर दुधाच्या पन्न्या, वर सुतळी.
श्वास कोंडून दाबलं, ओढलं, दाबलं,
किती वेळ, कोण जाणे.
मग कुठूनसा खोलातून एक ढेकर आला
आणि सगळं गरगरत गेलं.
मी एकटाच ओरडलो, गेलं!

आंघोळ केली. हात धुतले, पुन्हा धुतले.
यामिनी हसत म्हणाली, आज तुमचा चहा
बाल्कनीच्या कठड्यावर हं, आत नाही.
मीही हसलो.

इतवारीतल्या घराला मागून एक बुटकं दार होतं.
बुधराम तिथून यायचा, टोपली घेऊन, उजाडायच्या आत.
त्याचा बिनकानाचा कप भिंतीवर पालथा असे.
आई उंचावरून धार सोडायची,
थेंब सांडायचा नाही.
मला तेव्हा कौतुक वाटे
तिच्या नेमाचं.

कुलरची घरघर. चहावर साय धरली.
कठड्यावरचा कप उन्हानं
उचलवेना इतका तापला.